जेरार बेआग : ब्राझीलच्या संगीताची नोंद ठेवणारे प्राध्यापक

गोव्यातल्या आपल्या मराठी घरांतही गिटार, कीबोर्ड, ड्रम्स शिकणारी मुले आता नवलाची राहिलेली नाहीत. ट्रिनिटीच्या ग्रेड परीक्षा देता देता त्यातले एखादे जॅझकडे नाहीतर ब्राझीलच्या बोसा नोव्हाकडे वळते आणि एक दिवस घरी सांगते, मला हे नुसते वाजवायचे नाही, याचा अभ्यास करायचा आहे. मग आईवडील मंडळाच्या कार्यक्रमात आम्हाला गाठतात आणि विचारतात, यात पुढे काय? बँकेत आयुष्यभर कर्जाच्या फायली तपासल्यामुळे आम्हालाही पहिला प्रश्न तोच सुचतो. त्याचे उत्तर मोघम देण्यापेक्षा या क्षेत्रातल्या एका माणसाची कारकीर्द सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहावी, असे आम्ही ठरवले. हे गृहस्थ म्हणजे प्रा. जेरार बेआग.

बेआग यांचा जन्म 1937 साली दक्षिण फ्रान्समधल्या मोंपेलिए शहरात झाला, पण ते वाढले ब्राझीलमध्ये, रिओ द जानेरोत. तिथल्या राष्ट्रीय संगीत विद्यालयात त्यांनी पियानो आणि संगीतरचनेचे शिक्षण घेतले, पुढे पॅरिसला संगीतशास्त्र शिकले आणि डॉक्टरेटसाठी अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या टुलेन विद्यापीठात गेले. तिथे गिल्बर्ट चेस हे त्यांचे मार्गदर्शक होते. 1966 साली पदवी मिळाली. प्रबंधाचा विषय होता 1870 ते 1920 या काळातले ब्राझीलचे लिखित, मैफिलीचे संगीत आणि त्यात शिरलेले शहरी नाचगाण्यांचे प्रवाह. म्हणजे रस्त्यावर आणि दिवाणखान्यात वाजणारे सूर ब्राझीलच्या 'मोठ्या' संगीतकारांच्या वहीत कसे गेले, याचा शोध. लोकप्रिय संगीत आणि शास्त्रशुद्ध संगीत यांच्यामध्ये भिंत न घालण्याची ही सवय त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही.

ब्राझीलमध्ये हे काम त्यांच्याआधीच सुरू झाले होते. कवी आणि संगीतज्ञ मारिओ द आंद्राद यांच्या पुढाकाराने 1938 साली साओ पावलो शहराच्या सांस्कृतिक खात्याने चार जणांचे एक पथक ध्वनिमुद्रणाची यंत्रे देऊन देशाच्या उत्तर आणि ईशान्य भागांत पाठवले. रिओच्या राष्ट्रीय संगीत विद्यालयात लुइझ हेइतोर कोर्रेया द अझेवेदो यांनी 1943 मध्ये लोकसंगीताचे संशोधन केंद्र उभे केले. आपल्याकडे पंडित भातखंडे गावोगाव फिरून घराण्यांच्या बंदिशी उतरवून घेत होते ते आठवावे. फरक एवढाच, की ब्राझीलच्या पथकाकडे यंत्र होते आणि आपल्या पंडितजींकडे कान आणि कागद.

बेआग यांच्या ज्या एका कामामुळे आम्हाला त्यांच्याविषयी विशेष ओढ वाटते, ते लिस्बनमधले आहे. आजुदा राजवाड्याच्या ग्रंथालयात अठराव्या शतकातल्या गाण्यांच्या दोन हस्तलिखित वह्या होत्या, क्रमांक 1595 आणि 1596. रचनाकाराचे नाव कोणावरच नाही. दुसऱ्या वहीवर 'ब्राझीलच्या मोदिन्या' असे शीर्षक आणि आत तीस गाणी. मोदिन्या म्हणजे गिटारीच्या जातीच्या तंतुवाद्यावर म्हटले जाणारे भावगीत. आपल्या भावगीतासारखेच घरगुती, विरहाचे, थोडे लाडिक. बेआग यांनी 1968 साली या वह्यांवर निबंध लिहिला. त्यातल्या काही गाण्यांचे शब्द त्यांनी दोमिंगोस काल्दास बार्बोझा या कवीच्या छापील संग्रहाशी जुळवून दाखवले. हा कवी रिओचा, बाप पोर्तुगीज, आई आफ्रिकन. तो लिस्बनला गेला, तिथल्या दरबारी मंडळींत त्याची गाणी गाजली आणि 1800 साली तिथेच वारला.

पण नुसती नावाची जुळणी हे त्या निबंधाचे सार नव्हे. त्या गाण्यांच्या स्वरलिपीत आघात ठोक्यावर न पडता ठोक्याच्या आधी किंवा नंतर पडताना दिसतात. तबल्याचा कान असलेल्यांना हे सांगायला नको, आपण त्याला अतीत-अनाघात म्हणतो. पुढे सांबा आणि बोसा नोव्हा ज्या लयीच्या वळणामुळे ओळखले जातात, त्याची खूण दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीच्या कागदावर अशी सापडली. ज्यांनी हे वळण आणले त्या आफ्रिकन गुलामांची आणि त्यांच्या मुलाबाळांची बाजू लिहून ठेवायला कोणी बसले नव्हते. त्यांच्या बाजूने साक्ष द्यायला उरली ती राजाच्या ग्रंथालयातली निनावी वही. बँकेत जुने व्हाउचर हाती लागून एखादा वर्षानुवर्षे न जुळणारा हिशेब जुळला की जो आनंद होतो, तो आम्हाला हे वाचताना झाला.

आता जॅझकडे वळू. बेआग यांनी डॉक्टरेट केली ते न्यू ऑर्लिन्स हे जॅझचे जन्मगाव, आणि त्याच टुलेन विद्यापीठाने 1958 साली फोर्ड फाउंडेशनच्या मदतीने जॅझचा संग्रह सुरू केला होता. जॅझ घडत असताना जे हजर होते त्या वृद्ध वादकांना गाठून त्यांच्या मुलाखती टेपवर घेणे हे त्याचे मुख्य काम. त्याआधी 1952 साली न्यूयॉर्कमध्ये मार्शल स्टर्न्स यांनी आपल्या राहत्या घरात जॅझ अभ्यास संस्था स्थापन केली होती. हे स्टर्न्स पेशाने मध्ययुगीन इंग्रजी साहित्याचे प्राध्यापक! त्यांचा संग्रह 1966 मध्ये रटगर्स विद्यापीठाकडे गेला आणि आज तो जगातल्या सर्वांत मोठ्या जॅझ संग्रहांपैकी एक मानला जातो. टेक्सासमधल्या एका महाविद्यालयाने, म्हणजे आजच्या नॉर्थ टेक्सास विद्यापीठाने, 1947 साली या संगीताची पदवी सुरू केली, तेव्हा अभ्यासक्रमाच्या नावात जॅझ हा शब्द घालण्याची सोय नव्हती. 'डान्स बँड' असे सोज्वळ नाव द्यावे लागले. आपल्याकडे तमाशा आणि लावणी विद्यापीठाच्या दारात किती उशिरा पोहोचली ते आठवले, की या संकोचाचे हसू येत नाही.

योगायोग असा की जॅझची पहिली तबकडी आणि सांबा म्हणून गाजलेले पहिले ध्वनिमुद्रित गाणे, दोन्ही 1917 सालची. पुढे दोन्ही संगीतांची गाठ पडली ती बोसा नोव्हात. 1958 मध्ये जुआंव जिल्बेर्तो यांची गिटार रिओत ऐकू आली. अंगठा तळाचे स्वर घड्याळासारखे सांभाळतो आणि बाकीची बोटे आघात चुकवत राहतात. 1962 साली अमेरिकन सॅक्सोफोनवादक स्टॅन गेट्झ यांनी गिटारवादक चार्ली बर्ड यांच्याबरोबर 'जॅझ सांबा' ही तबकडी काढली आणि हे संगीत अमेरिकेत घरोघरी गेले. त्यामुळे जॅझचा अभ्यासक ब्राझीलला टाळू शकत नाही, आणि ब्राझीलच्या शहरी संगीताचा अभ्यासक जॅझला.

बेआग 1966 ते 1974 इलिनॉय विद्यापीठात शिकवत होते, नंतर ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात गेले आणि अखेरपर्यंत तिथेच राहिले. 1973 साली त्यांनी बोसा नोव्हा आणि त्यानंतरच्या ब्राझीलच्या शहरी गाण्यातल्या बदलांवर निबंध प्रसिद्ध केला. तेव्हा ब्राझीलमध्ये लष्करी राजवट होती. काएतानो वेलोसो आणि जिल्बेर्तो जिल हे गायक लंडनमधला विजनवास संपवून नुकतेच परतले होते. रेडिओवर वाजणारी, अजून जुनीही न झालेली गाणी विद्वानांच्या नियतकालिकात तपासायला घेणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

त्याच सुमारास ते बाईया प्रांतातल्या साल्वादोर शहरात कांदोंब्ले या आफ्रिकन वंशाच्या ब्राझीलवासीयांच्या धर्मविधींचे संगीत अभ्यासत होते. तिथे तीन ढोल असतात: रुम, रुंपी आणि ले. सोबत लोखंडी घंटा. प्रत्येक देवतेचे ठेके वेगळे. सर्वांत मोठा रुम नाचणाऱ्याशी बोलतो, लहान दोघे आणि घंटा चाल धरून ठेवतात, आणि अंगात देव येतो तो या ठेक्यांच्या हाकेवर. आपल्या जत्रेत ढोल, ताशे, कासाळे वाजू लागल्यावर अवसर येतो, तो पाहिलेल्या माणसाला हे परके वाटणार नाही. अशा संगीताची नुसती स्वरलिपी काढून भागत नाही. कोण वाजवतो, कोणासाठी, कोणत्या क्षणी, ऐकणारे काय करतात, हे सगळे मिळून संगीत होते, असे बेआग यांचे म्हणणे होते. याच दृष्टीने त्यांनी 1984 मध्ये एक निबंधसंग्रह संपादित केला. संगीताचा असा, माणसांच्या जगण्यासकट अभ्यास करणाऱ्या शास्त्राला एथ्नोम्युझिकॉलॉजी म्हणतात. त्या शास्त्राच्या अमेरिकेतल्या संस्थेचे ते 1979 ते 1981 अध्यक्ष होते.

त्यांची पुस्तके मोजकी आहेत. लॅटिन अमेरिकेच्या संगीताचा परिचय करून देणारे 1979 चे, आणि ब्राझीलचे थोर संगीतकार हेइतोर विला-लोबोस यांच्यावरचे 1994 चे, ही त्यातली ठळक. आमच्या मते मात्र त्यांचे सर्वांत टिकाऊ काम 1980 चे आहे. त्या वर्षी त्यांनी लॅटिन अमेरिकेच्या संगीतासाठी एक संशोधन नियतकालिक सुरू केले आणि त्यात इंग्रजी, स्पॅनिश आणि पोर्तुगीज या तिन्ही भाषांतले लेख घेतले. साल्वादोरच्या अभ्यासकाला आपले म्हणणे मांडण्यासाठी आधी इंग्रजी पक्के करण्याची गरज उरली नाही. आपण सीमाभागातल्या आणि गोव्यातल्या मराठी माणसांनी भाषेचे प्रश्न जवळून पाहिले आहेत, म्हणून या गोष्टीचे मोल आपल्याला जास्त कळावे. बेआग 2005 साली ऑस्टिनला वारले. नियतकालिक चालू आहे.

आता आईवडिलांच्या प्रश्नाकडे. पोट भरते का? भरते, पण उशिरा. पदवी, पदव्युत्तर, मग डॉक्टरेट, हे सगळे होईपर्यंत तिशी उजाडते. अमेरिकेत अनेक विद्यापीठे डॉक्टरेटच्या विद्यार्थ्याला शिकवण्याच्या मोबदल्यात फी माफी आणि निर्वाहभत्ता देतात. पदव्युत्तर पायरीवर मात्र खर्च बहुधा घरचा असतो. नंतर साहाय्यक प्राध्यापकाची जागा मिळाली तर साधारण सहा वर्षांनी काम तपासून नोकरी कायम होते किंवा जाते. जागा थोड्या, उमेदवार फार. घर गहाण टाकून या वाटेने पाठवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. पण शिष्यवृत्ती मिळत असेल आणि मुलाला वाद्य, वाचन आणि भाषा या तिन्हींची भूक असेल, तर अडवूही नये.

भाषेच्या बाबतीत गोव्याच्या मुलांना एक आयती सोय आहे. ब्राझीलचा अभ्यास पोर्तुगीजशिवाय होत नाही, आणि पोर्तुगीज शिकण्याची व्यवस्था गोवा विद्यापीठापर्यंत सर्वत्र आहे. आमच्या वडिलांच्या पिढीतले कितीतरी हिंदू गृहस्थ लिसेवमध्ये ती भाषा शिकले होते, आम्ही मात्र घरात असलेला तो शब्दकोश कधी उघडला नाही. काजू ब्राझीलहून इथे आला, मिरचीही त्याच जहाजांनी अमेरिकेतून आली, एवढे आपल्याला ठाऊक असते. सूर कुठून कुठे गेले ते विचारायचे राहून गेले. सुझाना सार्दू या पोर्तुगीज विदुषीने गोव्याच्या संगीतावर ग्रंथ लिहिला आहे आणि त्याच्या नावात चक्क आपला मोगरा आहे. नरेश फर्नांडिस यांनी मुंबईच्या जॅझवर 2012 मध्ये पुस्तक लिहिले, तेव्हा हळदोण्याचा आंतोनिओ शाव्हियेर वाझ, म्हणजेच ट्रंपेटवाला चिक चॉकलेट, नव्या पिढीला कळला. सी. रामचंद्र यांच्या 'अलबेला'च्या संगीताला त्याचा हात लागलेला होता. चर्चच्या शाळेतल्या मेस्तकडे स्वरलिपी शिकलेले असे कितीतरी गोवेकर मुंबईच्या स्टुडिओंत वाजवत होते, आणि पडद्यावर त्यांची नावे बहुधा येत नसत.

आमच्या वाड्याशेजारी असा एक व्हायोलिनवादक राहत असे. मुंबईहून निवृत्त होऊन आलेला. त्याच्याकडे हाताने लिहिलेल्या स्वरलिपीच्या वह्या ट्रंकभर होत्या. आम्ही त्या पाहिल्या होत्या, एकदा चाळल्याही होत्या. तो गेल्यावर घर विकले आणि वह्या रद्दीवाल्याकडे गेल्या. त्या दिवशी आम्ही गावातच होतो.

मंडळाच्या सभासदांपैकी कोणाकडे, किंवा शेजारीपाजारी, अशा वह्या, बँडचे फोटो, तबकड्या, घुमट आरत्यांची हस्तलिखिते, जुन्या नाटकांच्या पदांची बाडे असतील तर कृपया मंडळाच्या कार्यालयात कळवावे. मूळ कागद आम्हाला नकोत. आमच्यातले दोघे घरी येऊन फोटो काढतील. कागद कोणाचे, कधीचे आणि कोणत्या गावचे, एवढी माहिती सोबत लिहून घेतली जाईल. शनिवारी सकाळी यायला आम्हाला सोयीचे पडते.