चुली दोन, घर एक : गिरणगावातल्या चाकरमान्याचे कुटुंब

गेल्या वर्षी मे महिन्यात देवगड तालुक्यातल्या आमच्या गावच्या घराचे वासे बदलायला काढले, तेव्हा माळ्यावर आजोबांची पत्र्याची ट्रंक सापडली. आत गिरणीचा बिल्ला होता आणि सुतळीने बांधलेली कागदांची दोन जुडगी. एका जुडग्यात मनिऑर्डरची कुपने, दुसऱ्यात मनिऑर्डर पोहोचल्याच्या पोचपावत्या. पैसे घेणाऱ्याकडे कुपन राही. त्यावर दोन-चार ओळींचा मजकूर लिहिण्यापुरती जागा असे. पैसे मिळाल्याची सही किंवा अंगठा असलेली पोच मात्र पाठवणाऱ्याकडे परत जाई. म्हणजे कुपने आजीने गावी जपली होती आणि पावत्या आजोबांनी लालबागच्या खोलीत. एकाच व्यवहाराचे हे दोन तुकडे ट्रंकेत एकत्र आले, ते आजोबा कायमचे गावी परतल्यावर.

त्याच दिवसांत आमच्या घरात एक वाद चालू होता. गावच्या घराला वर्षातले अकरा महिने कुलूप असते, तेव्हा गणपती डोंबिवलीला आणावा, असे धाकट्या काकांच्या मुलाचे म्हणणे. ‘एकत्र कुटुंब होते तेव्हाची गोष्ट वेगळी,’ असे तो म्हणाला. मलाही ते पटल्यासारखे झाले होते. पण त्या जुडग्यांतले सर्वांत जुने कुपन १९५१चे आणि शेवटचे १९८१चे निघाले. तीस वर्षे आजोबा मुंबईत आणि आजी गावात. वर्षाकाठी महिना-दीड महिना काय तो सहवास. मग आम्ही एकत्र होतो तरी कधी? या प्रश्नाच्या मागे लागून जे वाचले, विचारले आणि पडताळले, ते येथे मांडत आहे.

इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आप्तसंबंधांवरील ग्रंथात एकत्र कुटुंबाची लक्षणे सांगितली आहेत : एक छप्पर, एक चूल, सामाईक मालमत्ता, सामाईक देवकार्य आणि परस्परांचे नाते. या कसोटीला आमचे कुटुंब लावून पाहिले, तर पहिली दोन लक्षणे उरतच नाहीत. छपरे दोन, चुली दोन. आणि हे आमच्या एकट्याचे नव्हते. मुंबईत पहिली कापडगिरणी १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी स्थापन केली. पुढच्या अर्धशतकात गिरण्यांना मनुष्यबळ पुरवणाऱ्या जिल्ह्यांत रत्नागिरी अग्रभागी होता. आजचा सिंधुदुर्ग तेव्हा त्याच जिल्ह्यात होता. १९२१च्या जनगणनेत मुंबई शहरात दर हजार पुरुषांमागे सव्वापाचशेच्या आसपास स्त्रिया होत्या. रत्नागिरी जिल्ह्यात याच्या उलट, पुरुषांहून स्त्रिया अधिक. या दोन आकड्यांत हजारो घरे मधोमध कापलेली दिसतात.

ही घरे तरीही मोडली का नाहीत? माया होती म्हणून, हे उत्तर सोपे आहे आणि अपुरेही. दोन्ही टोकांना एकमेकांची गरज होती. गिरणीच्या पगारात मुंबईत बिऱ्हाड थाटणे बहुतेकांना परवडत नव्हते आणि गावच्या तुकड्यावर वर्षभराचे भात पिकत नव्हते. बदली कामगाराला तर उद्या काम मिळेल की नाही, याचीही शाश्वती नसे. आजारपण, म्हातारपण आणि संप यांत आधार एकच, गाव. १९२८चा सार्वत्रिक संप एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चालला. एवढा काळ तग धरता आला त्यात गावच्या चुलीचा वाटा होता. गिरणी कामगाराचे गावाशी असलेले नाते हे त्याच्या मागासलेपणाचे लक्षण नव्हते, शहरात टिकण्याचा तो एक मार्ग होता, हे इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी साधार दाखवले आहे.

मात्र नुसत्या गरजेनेही नाते टिकत नाही. गरज भागवण्याची ठरलेली रीत लागते. ती रीत घडवण्यात टपाल खात्याचा मोठा हात आहे. पाव आण्याचे पोस्टकार्ड १८७९ साली आले आणि पुढच्याच वर्षी, १८८० साली, मनिऑर्डरचे काम टपाल खात्याकडे आले. त्याआधी गावी पैसे धाडायचे तर गावाकडे जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती, त्याच्या भरवशावर. आता पगार झाला की मनिऑर्डर, हा शिरस्ता पडला. रत्नागिरी हा मनिऑर्डरवर चालणारा जिल्हा म्हणून ओळखला जाऊ लागला.

आमच्या कुपनांवरचा मजकूर पाहिला की ही रीत काय करत होती ते कळते. ‘पावसाआधी छप्पर शाकारून घेणे.’ ‘थोरल्यास शाळेतून काढू नये.’ ‘आईचे डोळ्याचे काय झाले ते कळवणे.’ प्रेमाचा एक शब्द नाही. असणारही नव्हता, कारण पोस्टमन पडवीत बसून तो मजकूर साऱ्या घराला वाचून दाखवी. पण घरात नसलेला माणूस महिन्यातून एकदा घरच्या निर्णयात बसत होता. सामाईक मालमत्ता हे कर्वे यांनी सांगितलेले लक्षण कागदाच्या त्या चिठोऱ्यावर टिकून होते.

मुंबईच्या टोकाला दुसरी रीत होती, गावकीच्या खोलीची. परळ-लालबागच्या चाळींत एकेका गावाच्या खोल्या असत. पाळ्यांमुळे एक जण कामाला गेला की त्याच्या जागी दुसरा झोपे. भिंतीला ट्रंका, खुंटीला कपडे. गोव्याच्या ख्रिस्ती खलाशांची आणि नोकरदारांची धोबीतलाव, माझगाव भागातली ‘कुडं’ याच धर्तीची. तिथेही एकेका गावाचे एकेक कूड, आणि संध्याकाळी वेदीसमोर सर्वांनी मिळून प्रार्थना. खोली म्हणजे नुसता निवारा नव्हे. शेजारच्या अंथरुणावर वाडीतलाच माणूस झोपतो म्हटल्यावर, कोण दारू पितो, कोणाची मनिऑर्डर चुकली, हे सुट्टीवर जाणाऱ्याबरोबर गावात पोहोचत असे. या पाळतीचा जाच होताच. पण नवा मुलगा गावाहून आला, की त्याला पथारी, जेवणाची सोय आणि ओळखीने काम इथेच मिळे.

जेवणाची सोय खानावळवाल्या बाईकडे. स्वतःच्या दहा-बाय-दहाच्या खोलीत वीस-पंचवीस माणसांचे डबे रांधणाऱ्या या बायका कुटुंबाच्या इतिहासात कुठे नोंदल्या जात नाहीत. गावची चूल सुटलेल्या माणसांची दुसरी चूल त्यांनी पेटती ठेवली. महिनाभर उधारीवर जेवू घालून त्या स्वतः सावकाराच्या व्याजात अडकत. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले, ते याच बायकांसाठी.

तिसरी रीत देवकार्याची. गणपती, शिमगा, जत्रा. तोवर रस्ते जेमतेम. किनाऱ्याची आगबोट हाच मोठा आधार, आणि तीही पावसाळ्यात बंद. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. त्या दिवशी अमावास्या होती, पुढे श्रावण, सणाचे दिवस. घरी जाण्याची किंमत कधी कधी अशी मोजावी लागे, तरी माणसे जात राहिली.

ही सगळी किंमत कोणी मोजली, याचे उत्तर माझ्या हातातल्या पावत्यांत आहे. १९६३च्या शिमग्यापर्यंतच्या पोचांवर आजीचा अंगठा आहे आणि प्रत्येक अंगठ्याशेजारी साक्षीदाराची सही. त्यानंतरच्या पावत्यांवर वेडीवाकडी सही. आत्याला विचारले तर ती हसून म्हणाली, ‘मीच शिकवली. साक्षीला शेजारचे दादा यायचे, म्हणजे घरात पैसे किती आले ते सगळ्या वाडीला कळायचे. आईला ते नको होते.’ आजोबांच्या पश्चात शेती, सासू, चार मुले आणि वाडीची नजर आजीने एकटीने सांभाळली. कुणी ‘पैशे इले मगो?’ विचारले की ती म्हणे, ‘पैशे इले, माणूस खंय इलो?’ त्या काळच्या कुटुंबाचे गोडवे गाताना हा प्रश्न वगळून चालणार नाही. ती बांधणी पक्की होती, पण तिचा भार एका खांद्यावर जास्त होता.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाने गिरणगाव मोडले. अडीच लाखांच्या घरात कामगार संपात उतरले. त्यांतले कितीतरी गावी परतले, आजोबाही. आजी-आजोबांचा खरा संसार पन्नाशीनंतर सुरू झाला. पुढे १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली, फोन आले, आणि २०१५ साली टपाल खात्याने जुन्या पद्धतीची मनिऑर्डर बंद केली. गाव एका रात्रीच्या अंतरावर आले. आणि नेमके तेव्हापासून आमचे जाणे कमी झाले.

हे कोडे मला आता थोडे उलगडते. आज आम्हाला एकमेकांच्या पैशाची गरज नाही, ही चांगली गोष्ट आहे. पण गरजेबरोबर रीतही गेली. रोज मोबाइलवर शुभेच्छा येतात. मात्र महिन्याच्या ठरावीक दिवशी कोणी कोणाला छपराचे, डोळ्यांचे, शाळेचे विचारत नाही. अंतर हे नाते तुटण्याचे कारण असते, तर आजोबांच्या पिढीतच ते तुटले असते.

त्या ट्रंकेतले कागद मी सगळ्या भावंडांसमोर ठेवले. गणपती गावीच राहील असे ठरले. पाळी दर वर्षी एकाची, आणि स्वयंपाकाची जबाबदारी पाळीवाल्या घरातल्या पुरुषांसकट सर्वांची. दर महिन्याच्या दहा तारखेला प्रत्येकाने घरखर्चाचे पैसे एका खात्यात भरायचे, आणि भरताना दोन ओळी लिहायच्या. धाकट्या काकांच्या मुलाने पहिल्या महिन्यात लिहिले, ‘आईच्या गुडघ्याचे ऑपरेशन पुढच्या महिन्यात. कोणी येऊ शकेल का?’ काकूंचे गुडघे इतके दुखतात, हे आम्हाला ठाऊकच नव्हते. आम्ही तिघे गेलो.