गंजाने गाळलेले पाणी

१/ एकोणिसाव्या शतकात गंधकाम्लाशिवाय युरोपातील कारखान्यांचे पान हलत नसे. ते बनविण्यासाठी पायराइट हे खनिज भाजले जाई. त्यातील गंधक उडून जाई, तांबेही काढून घेतले जाई आणि मागे उरे लोहयुक्त जांभळट राख.

२/ गुस्ताव बिशॉफ या रसायनज्ञाने ही राख कोळशासोबत तापविली, पण वितळू दिली नाही. हाती आले ते स्पंजासारखे सच्छिद्र लोखंड. त्यातून पाणी गाळावे, ही त्याची कल्पना.

३/ बेल्जियममध्ये १८६६ च्या पटकीने चाळीस हजारांहून अधिक बळी घेतले होते. अँटवर्प बंदराजवळ उपलब्ध होते ते नेते नदीचे गढूळ, तपकिरी पाणी. १८८१ मध्ये तेथील जलकेंद्रात बिशॉफचे लोखंड अंथरले गेले.

४/ यात काम करतो तो गंज. लोखंड थोडे थोडे पाण्यात उतरते, हवा लागताच त्याचा चिकट तांबूस साका होतो आणि गाळ, रंग व सेंद्रिय घाण यांना कवेत घेऊन तो वाळूत अडकतो.

५/ पण घात केला तोही गंजानेच! लोखंडाचे कण एकमेकांना चिकटून थराचे कवच बनले. पाणी उतरेना, शहराची मागणी मात्र वाढत होती.

६/ अभियंता विल्यम अँडरसनने १८८५ मध्ये थरच काढून टाकला. आडवे फिरणारे पिंप, आत बिडाचा कीस, म्हणजे कारखान्यातील आणखी एक टाकाऊ वस्तू. पिंप फिरे तसा कीस पाण्यातून सतत बरसत राही, म्हणून चिकटत नसे. सुमारे साडेतीन मिनिटांचा स्पर्श पुरेसा ठरला.

७/ पुढे तुरटी व क्लोरीन आले आणि लोखंड विस्मरणात गेले.

८/ शंभर वर्षांनंतरचा बांगलादेश. नदी-तळ्यांच्या पाण्यातून होणारे रोग टाळावेत म्हणून गावोगाव नलकूप खोदले गेले होते. १९९० च्या दशकात उमगले की त्यांतील असंख्य नलकूपांच्या पाण्यात आर्सेनिक आहे. कोट्यवधी लोक ते पीत होते. रंग नाही, वास नाही; दिसत ते तळहातांवरचे चट्टे.

९/ आर्सेनिक गंजाला घट्ट चिकटते. म्हणून तीन कळशांची उतरंड रचून तीत लोहकीस भरण्याचा प्रयोग झाला. अडचण? अँटवर्पचीच. कीस दगडासारखा घट्ट होई.

१०/ कुष्टियाचे अबुल हुसाम हे अमेरिकेत अध्यापन करणारे रसायनज्ञ. त्यांनी बीड कातताना पडणाऱ्या किसावर प्रक्रिया करून न गोठणारा सच्छिद्र थर बनविला. त्याला वाळू, लोणारी कोळसा व विटांच्या तुकड्यांची जोड दिली, आणि दोन बादल्यांत ‘सोनो’ गाळणी उभी राहिली. वीज लागत नाही.

११/ २००७ मध्ये तिला दहा लाख डॉलरचे ग्रेंजर पारितोषिक मिळाले. त्यातील मोठा वाटा हुसाम यांनी आणखी गाळण्या गावांत पोहोचविण्यासाठी राखून ठेवला.