वैद्यकीय लेखाचा सारांश : ‘मोडशी’च्या संवादापासून संरचित सारांशापर्यंत

प्रस्तावना

वैद्यकीय संशोधनलेखाच्या आरंभी येणारा सारांश आज उद्देश, पद्धती, निष्पत्ती आणि निष्कर्ष अशा उपशीर्षकांत विभागलेला असतो. यास संरचित सारांश म्हणतात. ही रचना अलीकडची असली तरी तिच्यामागचा प्रश्न जुना आहे : ज्याला मूळ ग्रंथ मिळणार नाही, त्याच्यापर्यंत काय पोहोचावे? या प्रश्नाचा एक महत्त्वाचा दाखला गोव्याच्या इतिहासात सापडतो.

गोव्यातील ग्रंथ

गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये हिंदुस्थानात आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहाच्या दरबारी त्याचे जाणे-येणे होते आणि तेथील हकीमांशी त्याची चर्चा होत असे. १५६३ मध्ये त्याचा औषधींवरील ग्रंथ गोव्यात छापला गेला. ५९ संवादांच्या या ग्रंथात रुआनो नावाचे कल्पित पात्र प्रश्न विचारते व ओर्ता उत्तरे देतो.

त्यातील पटकीवरील संवाद मराठी वाचकास विशेष जवळचा वाटेल. पेडणे-डिचोलीच्या वाचकास परिचित असलेला ‘मोडशी’ हा शब्द तेथे पोर्तुगीज वळणाने येतो; सोबत अरबी नावाचीही चर्चा आहे. बोलणे चालू असताना रोग्याकडून बोलावणे येते आणि संवाद रोग्याकडे वळतो. मंद नाडी, थंड अंग, खोल गेलेले डोळे, तीव्र तहान ही लक्षणे नोंदली आहेत. रोगी, लक्षणे, उपचार हे सारे तेथे आहे. परंतु ते संभाषणात विखुरलेले आहे.

संक्षेपाचा लाभ आणि हानी

१५६७ मध्ये क्लूसियसने या ग्रंथाचा लॅटिन संक्षेप अँटवर्पहून प्रसिद्ध केला. त्याने संवाद काढले, क्रम बदलला आणि स्वतःच्या टिपा जोडल्या. युरोपातील बहुसंख्य वाचकांना ओर्ता या संक्षेपातूनच कळला. ग्रंथ दूरवर गेला, हा लाभ झाला. मात्र रुआनोच्या शंका गळाल्या, आणि काय गळाले हे संक्षेपाच्या वाचकास कळण्याचा मार्ग नव्हता.

संक्षेपाची परंपरा केवळ युरोपची नव्हती. इब्न सीनाच्या ‘कानून’चा ‘मूजज’ हा संक्षेप इब्न अल-नफीसच्या नावे प्रसिद्ध असून हिंदुस्थानातील यूनानी शिक्षणात तो शिकवला जात असे.

१९८७ नंतरचा बदल

विसाव्या शतकात संशोधनलेखांची संख्या वाढली. सारांश सलग परिच्छेदात असे आणि रोगी कोण, तुलना कशाशी, हे अनेकदा त्यात सापडत नसे. १९८७ मध्ये ‘ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’मध्ये एका अभ्यासगटाने सात उपशीर्षके सुचविली : उद्देश, अभ्यासाची रचना, स्थळ, रोगी, उपाययोजना, मोजमापे व निष्पत्ती, निष्कर्ष. उपशीर्षक रिकामे राहिले तर उणीव लगेच दिसते, हे या पद्धतीचे मर्म होय. पुढे ही रीत अनेक देशांतील नियतकालिकांनी स्वीकारली.

तथापि रचना म्हणजे सत्यतेची हमी नव्हे. १९९९ मध्ये सहा नामांकित वैद्यकीय नियतकालिकांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यात १८ ते ६८ टक्के सारांशांतील माहिती मूळ लेखाशी जुळत नव्हती किंवा मूळ लेखात नव्हतीच.

पेडणे-डिचोलीच्या संदर्भात

ओर्ताच्या काळी पेडणे व डिचोली पोर्तुगीज अमलाखाली नव्हती. अठराव्या शतकाच्या अखेरीस ती नव्या काबिजादीत आली. १८४२ मध्ये पणजीत वैद्यकीय शाळा स्थापन झाली. परंतु तिची भाषा पोर्तुगीज होती, तर या महालांत लिहिण्या-वाचण्याची भाषा मुख्यतः मराठी होती. १९६१ नंतर ती अडचण सरली. आता अडचण इंग्रजीची आणि नियतकालिकांच्या वर्गणीची आहे. १९९७ पासून ‘पबमेड’वर सारांश विनामूल्य मिळतात, मात्र पूर्ण लेख प्रत्येक वेळी मिळतोच असे नाही. त्यामुळे तालुक्याच्या महाविद्यालयातील अध्यापकास कित्येकदा सारांशावरच विसंबून राहावे लागते.

निष्कर्ष

सारांश ही लेखाची शोभा नसून दूरच्या वाचकाप्रती असलेली जबाबदारी आहे. अध्यापकांनी विद्यार्थ्यांकडून असे सारांश लिहून घ्यावेत आणि त्यांतील प्रत्येक आकडा मूळ लेखाशी ताडून पाहण्याची सवय लावावी. क्लूसियसच्या वाचकास जी सोय नव्हती, ती आजच्या विद्यार्थ्यास शक्य तेथे मिळालीच पाहिजे.