हालचाल हेंच औषध

दुखावलेला अवयव हालवूं नये, ही समजूत फार जुनी आहे. आणि मोडलेल्या हाडाच्या बाबतींत ती बऱ्याच अंशीं खरीहि आहे. परंतु हाडाचा नियम स्नायूला लावल्यानें काय अनर्थ होतो, हें बालपक्षाघाताच्या म्हणजे पोलिओच्या इतिहासांत दिसतें. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत या रोगानें लुळें पडलेलें मूल पाश्चात्त्य रुग्णालयांत आलें, कीं त्याचे हातपाय फळ्यांनीं किंवा प्लास्टरनें जखडून ठेवीत. निरोगी स्नायूंच्या ओढीनें दुबळ्या बाजूस व्यंग येऊं नये, हा त्यांतील हेतु. असे महिनेच्या महिने लोटत. व्यंग कदाचित् टळे. पण स्नायु वाळत आणि सांधे ताठ होत.

या रूढीला धक्का देणाऱ्या एलिझाबेथ केनी १८८० सालीं ऑस्ट्रेलियांत जन्मल्या. परिचारिकेचें रीतसर शिक्षण त्यांना मिळालें नव्हतें. क्वीन्सलंडच्या विरळ वस्तींत हिंडून त्या रोग्यांची शुश्रूषा करीत. पहिल्या महायुद्धांत जखमी सैनिकांच्या जहाजांवर त्यांनीं काम केलें व तेव्हां मिळालेली ‘सिस्टर’ ही पदवी जन्मभर लाविली.

आपल्या आत्मचरित्रांत त्यांनीं १९११ सालची म्हणून एक हकीकत सांगितली आहे. एक लहान मुलगी वेदनांनीं कळवळत होती. तिचे अवयव आखडले होते. तारेनें विचारतां टूवूंबा येथील डॉ. मॅक्डॉनेल यांचें उत्तर आलें, कीं या रोगावर उपाय ठाऊक नाहीं, लक्षणें दिसतील तसे उपचार करावे. बाईंनीं लोकरी कांबळ्याचे तुकडे उकळत्या पाण्यांत बुडवून, घट्ट पिळून, दुखऱ्या स्नायूंवर गुंडाळले. वेदना शमली. पुढें त्यांची पद्धति ठरून गेली. आधीं ऊन शेक, मग सांध्यांना हलक्या हातानें हालचाल, आणि शेवटीं कोणता स्नायु कोठें ओढतो हें रोग्याला समजावून तीच हालचाल त्याच्याकडून पुन्हां शिकवून घेणें.

डॉक्टरांशीं त्यांचें जमलें नाहीं. १९३५ सालीं क्वीन्सलंड सरकारनें नेमलेल्या चौकशी मंडळानें १९३८ सालीं त्यांच्या पद्धतीविरुद्ध कौल दिला. दोष एका बाजूचाच नव्हता. बाईंचा स्वभाव तापट होता, आणि रोगाचें मूळ स्नायूंच्या आकडींत आहे, हें त्यांचें म्हणणें चुकीचें होतें. पोलिओचा विषाणु मज्जारज्जूंतील स्नायुचालक पेशी मारतो, आणि मेलेली पेशी पुन्हां उठत नाहीं. शिवाय कित्येक मुलें आपोआपहि सुधारतात. तरीपण वाचलेल्या पेशी पोरक्या स्नायुतंतूंना नव्या शाखा पुरवितात. आणि ती शक्ति कामीं येण्यास सांधा मोकळा व स्नायु सरावांतला असावा लागतो. जखडून ठेवलेल्या पायाला ही संधीच नसे. उपपत्ति चुकली म्हणून उपचार चुकला, असें होत नाहीं.

१९४० सालीं केनीबाई अमेरिकेस गेल्या. मिनिआपोलिस शहरांतील डॉक्टरांनीं आधीं वाद न घालतां रोगी पाहिले. १९४२ च्या डिसेंबरांत तेथें बाईंच्या नांवाची संस्था उघडली, आणि कांहीं वर्षांतच रुग्णालयांतून त्या फळ्या व तीं प्लास्टरें मागें पडलीं.

बाई १९५२ सालीं वारल्या. १९५५ सालीं पोलिओची लस आली. २०१४ सालीं भारत पोलिओमुक्त ठरला. रोग सरला, पण धडा उरला. आज अर्धांगवायूचा रोगी प्रकृति स्थिर होतांच उठवून बसवितात, लुळा हात हालवावयास लावतात. घरच्या माणसांना तें निर्दयपणाचें वाटतें. परंतु जो हात मायेपोटीं निजवून ठेवला, तो बहुधा निजलेलाच राहतो.