बटण पवनारचं, स्लाइड नालवाडीची

आजचा भाग पॉवरपॉइंटच्या मॅक्रोंवर. पण सुरुवात आमच्या नालवाडीपासून.

1932च्या अखेरीस विनोबा नालवाडीत राहायला आले, 1938 मध्ये पवनारला गेले आणि 18 एप्रिल 1951 रोजी पोचमपल्लीत भूदान सुरू झालं. हा क्रम मुलांना दाखवायला इथल्या एका ओळखीच्या सरांनी स्लाइड शो केला: तिसरी स्लाइड नालवाडी, चौथी पवनार, पाचवी भूदान. प्रत्येक नावाचं बटण, बटणामागे मॅक्रो. नंतर कुणीतरी दुसऱ्या स्लाइडनंतर एक फोटो घातला. झालं! पवनारचं बटण दाबलं की नालवाडी, भूदानचं दाबलं की पवनार. मुलं तर दिसेल तेच वहीत उतरवणार.

असं का होतं? पॉवरपॉइंट 1987 मध्ये मॅकिंटॉशवर आलं. फोरथॉट नावाच्या छोट्या कंपनीचं हे काम मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी 1 कोटी 40 लाख डॉलरला घेतलं. पॉवरपॉइंट 97 मध्ये व्हीबीए ही प्रोग्रॅमिंगची भाषा आली आणि बटणावरून कुठेही उडी मारणारे मॅक्रो लिहिता येऊ लागले. त्यातली 'गोटूस्लाइड' ही आज्ञा जागेचा नंबर बघते. चार म्हटलं की चौथी, मग तिथे काहीही असो. पण प्रत्येक स्लाइडला एक कायमचा आयडीसुद्धा असतो, तो जागा बदलली तरी बदलत नाही. मॅक्रोला आधी आयडीवरून स्लाइड शोधायला लावा, मग तिचा चालू नंबर घेऊन उडी मारू द्या. नुसती उडीच हवी असेल तर साधी हायपरलिंक पुरते, तीही आयडी धरूनच चालते.

बटण दाबून काहीच होत नसेल, तर कारण पुढच्या इतिहासात आहे. 1999 मध्ये मेलिसा व्हायरस वर्डच्या मॅक्रोतून, ईमेलने जगभर पसरला. ऑफिस 2007 पासून मॅक्रोवाली फाइल वेगळी झाली: पीपीटीएम. तीच पीपीटीएक्स म्हणून सेव्ह केली की मॅक्रो गळून पडतात. 2022 पासून इंटरनेटवरून आलेल्या फाइलचे मॅक्रो आपोआप अडवले जातात. फाइल ओळखीच्या माणसाकडूनच आलीय ना, हे आधी विचारून घ्या. मगच तिच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन 'अनब्लॉक'वर टिक करा.

आणि बटणाऐवजी मोकळ्या जागी क्लिक झालं तर शो पुढच्या स्लाइडवर जातो. तो 'किऑस्क' मोडमध्ये चालवला की फक्त बटणं आणि लिंकच चालतात.

वर्गात नेण्याआधी एवढं कराच: फाइलची कॉपी काढा, स्लाइडांचा क्रम मुद्दाम विस्कटा आणि एकेक बटण दाबून बघा. तरीही पवनारच्या बटणावर पवनारच आलं, तर फाइल बिनधास्त वर्गात न्या.