प्राइम लेन्स आणि झूम लेन्स : मिररलेस कॅमेऱ्यासाठी निवड

प्राइम लेन्स म्हणजे एकच ठरावीक फोकल लेंथ असलेली लेन्स. झूम लेन्स म्हणजे फोकल लेंथ एका मर्यादेत कमीजास्त करता येणारी लेन्स. ५० मिमीची प्राइम कायम ५० मिमीचीच राहते. २४-७० मिमीच्या झूमची रिंग फिरवली की रुंद निसर्गदृश्यापासून माणसाच्या चेहऱ्यापर्यंत जाता येते. फोकल लेंथचा आकडा लहान असेल तर चौकटीत जास्त दृश्य मावते, मोठा असेल तर थोडेच मावते पण मोठे दिसते. सेन्सरच्या आकारानुसार या आकड्याचा परिणाम बदलतो. ३६ × २४ मिमीच्या फुल फ्रेम सेन्सरवर ५० मिमीची लेन्स जेवढे दृश्य टिपते, तेवढ्यासाठी एपीएस-सी सेन्सरवर सुमारे ३३ मिमीची आणि मायक्रो फोर थर्ड्सवर २५ मिमीची लेन्स लागते. पुढचे आकडे, वेगळा उल्लेख नसेल तेथे, फुल फ्रेमचे आहेत.

‘झूम म्हणजे दर्जाशी तडजोड’ हे मत जुने आहे आणि एके काळी ते खरेही होते. ३५ मिमी फिल्मच्या छायाचित्रणाला लोकप्रिय करणारा लायका कॅमेरा १९२५ मध्ये बाजारात आला तो ५० मिमीची एकच, बॉडीला पक्की बसवलेली लेन्स घेऊन. ३५ मिमीच्या स्थिरचित्र कॅमेऱ्यासाठी पहिली झूम मिळायला १९५९ साल उजाडले. फ्रँक बॅक यांची ही ३६-८२ मिमी, एफ/२.८ झूमार लेन्स फोइग्टलेंडर कंपनीने विकली. झूममध्ये काचांचे गट एकमेकांच्या संदर्भात सरकतात आणि प्रत्येक स्थितीत प्रतिमा सुस्पष्ट राहावी लागते. ही गणिते हाताने करण्याच्या काळात सुरुवातीच्या झूम कडांना मऊ पडत, सरळ रेषा वाकवत. पुढे संगणकावर आरेखन होऊ लागले, अगोलीय पृष्ठभागाच्या आणि कमी अपस्करणाच्या काचा आल्या, पृष्ठभागावरील लेप सुधारले. आजच्या चांगल्या २४-७० एफ/२.८ झूमने आणि प्राइमने एफ/५.६ वर काढलेले फोटो शेजारी ठेवले, तर छापील आकारात ते ओळखणे बहुतेकांना अवघड जाईल.

मिररलेस रचनेचाही यात वाटा आहे. २००८ मध्ये पॅनासॉनिकच्या जी१ पासून हे कॅमेरे आले, २०१३ मध्ये सोनीच्या ए७ मालिकेने फुल फ्रेम आणली आणि २०१८ मध्ये निकॉन व कॅनन या दोघांनीही याच आकारात नवे माउंट काढले. आरसा गेल्यामुळे लेन्सचे माउंट सेन्सरच्या पुष्कळ जवळ आले. निकॉनच्या जुन्या एफ माउंटमध्ये हे अंतर ४६.५ मिमी होते, झेडमध्ये ते १६ मिमी आहे. कॅननच्या ईएफमध्ये ४४ मिमी होते, आरएफमध्ये २० मिमी. मागची मोठी काच सेन्सरजवळ बसवता येत असल्याने विशेषतः रुंद कोनाच्या लेन्स करणे सोपे झाले. शिवाय रेषांची वक्रता आणि कोपऱ्यांतला अंधार कॅमेराच सॉफ्टवेअरने दुरुस्त करतो. त्यामुळे ‘प्राइम जास्त शार्प’ एवढ्या एकाच कारणावर आज निर्णय घेऊ नये.

खरा फरक प्रकाशाचा आहे. एफ-आकडा म्हणजे फोकल लेंथ भागिले लेन्सच्या समोरून दिसणाऱ्या ॲपर्चरचा व्यास. ५० मिमी एफ/१.८ साठी हा व्यास सुमारे २८ मिमी लागतो, तर २०० मिमीला एफ/२.८ मिळवायचे तर ७१ मिमी. लांब आणि उजळ झूम इतक्या जाड व महाग का असतात, हे या भागाकारात दिसते. कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या अनेक किट झूम लांबच्या टोकाला एफ/५.६ किंवा त्याहून मंद होतात. तिथे एफ/१.८ ची प्राइम जवळजवळ दहापट प्रकाश देते. किट झूमला घरातल्या दिव्यात १/२० सेकंदाचे शटर लागत असेल, तर तेवढ्याच आयएसओवर प्राइम १/२०० सेकंदात काम उरकते. खेळणाऱ्या मुलाचा हात पहिल्या फोटोत पुसट येईल, दुसऱ्यात स्पष्ट. मोठ्या ॲपर्चरमुळे पार्श्वभूमीही जास्त विरघळते. एफ/२.८ च्या स्थिर ॲपर्चरच्या झूमशी तुलना केली तर मात्र हा लाभ अडीचपटीच्या आत येतो.

उजळ लेन्स घेण्याची काही जुनी कारणे मिररलेसमध्ये उरलेली नाहीत. आरसा असलेल्या डीएसएलआर कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरमध्ये मंद लेन्सचे दृश्य काळवंडे. इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर ते उजळ करून दाखवतो. डीएसएलआरचा ऑटोफोकस एफ/५.६ किंवा एफ/८ च्या पलीकडे सहसा साथ देत नसे. मिररलेस सेन्सरवरूनच फोकस करतो, म्हणून कॅननला २०२० मध्ये ६०० आणि ८०० मिमीच्या, एफ/११ वर कायम असलेल्या प्राइम काढता आल्या. त्यातली ६०० मिमीची केवळ ९३० ग्रॅमची आहे. भर उन्हात पक्षी टिपणाऱ्या हौशी माणसासाठी ती मोठी सोय ठरली. पहाटेच्या अंधुक प्रकाशात मात्र तिचा फार उपयोग नाही. बॉडीतल्या स्थिरीकरणामुळे हाताचा कंप सावरला जातो आणि देवळाच्या गाभाऱ्यात मंद झूमनेही फोटो निघतो. पण समोरचा माणूस हलला तर स्थिरीकरण काही करू शकत नाही. तिथे उजळ लेन्सच हवी.

प्राइमच्या बाजूने नेहमी दिला जाणारा सल्ला म्हणजे ‘पायांनी झूम करा’. तो अर्धाच खरा आहे आणि नवशिक्याला चुकीच्या वाटेने नेतो. पुढे-मागे सरकले की चौकटीबरोबर वस्तूंचे आपसातले प्रमाणही बदलते, कारण दृष्टिकोन ठरतो तो अंतराने. चेहरा सारखाच मोठा यावा म्हणून २४ मिमीने ६० सेंमीवरून आणि ८५ मिमीने सुमारे २.१ मीटरवरून फोटो काढला, असे समजू. नाक कानांच्या १२ सेंमी पुढे धरले, तर पहिल्या फोटोत नाक कानांच्या मानाने २० टक्के मोठे दिसेल, दुसऱ्यात जेमतेम ६ टक्के. म्हणून आधी कुठे उभे राहायचे ते ठरवावे आणि मग त्या जागेवरून चौकट बांधण्यासाठी फोकल लेंथ निवडावी. झूमचा सर्वांत मोठा गुण हाच आहे, पण तिचा वापर आळसाने झाला तर तो वाया जातो. आणि अनेकदा पाय हलवायला जागाच नसते. वेरूळच्या कैलास लेण्याच्या आवारात मागे सरकता सरकता पाठ कातळाला लागते. वारीतल्या रिंगणात घोडा धावतो तेव्हा फोटोग्राफरला कडेलाच थांबावे लागते. ताडोबात जिप्सी रस्ता सोडून वाघाकडे जाऊ शकत नाही. तिथे १००-४०० किंवा २००-६०० सारखी झूमच उपयोगी पडते.

लेन्स बदलायला उसंत आहे का, हाही तितकाच निर्णायक मुद्दा. लग्नात अंतरपाट दूर होतो तो क्षण पुन्हा येत नाही. त्या वेळी मुंडावळ्यांतला चेहराही हवा असतो आणि अक्षता टाकणारा सगळा मांडवही हवा असतो. २४-७० हातात असेल तर दोन्ही साधते. प्राइमवर भर देणारे व्यावसायिक म्हणूनच दोन बॉडी बाळगतात, एकीवर ३५ मिमी आणि दुसरीवर ८५ मिमी. लेन्स काढली की मिररलेसच्या सेन्सरपुढे आरसा नसतो. काही मॉडेल कॅमेरा बंद केल्यावर शटर मिटून घेतात, सगळी नाही. जंगलातली धूळ आणि घाटावरचा पाऊस यांत लेन्स न बदलणेच उत्तम.

वजनाचा हिशेब वाटतो तितका सरळ नाही. कॅननची आरएफ ५० मिमी एफ/१.८ ही १६० ग्रॅमची आणि सहा काचांची, तर सोनीची दुसऱ्या पिढीची २४-७० एफ/२.८ जीएम ६९५ ग्रॅमची आणि वीस काचांची. एक प्राइम गळ्यात असेल तर दिवसभर ओझे जाणवत नाही. मात्र पिशवीत तीन उजळ प्राइम गेल्या की झूमचेच पारडे हलके ठरू शकते. सगळ्याच प्राइम छोट्या असतात असेही नाही. निकॉनची ५८ मिमी एफ/०.९५ नॉक्ट दोन किलोची आहे. दुसऱ्या बाजूने झूमही उजळ होत आहेत. कॅननची २८-७० एफ/२ २०१८ मध्ये १४३० ग्रॅमची होती, तर २०२४ मधली सोनीची २८-७० एफ/२ ९१८ ग्रॅमची आहे. त्याच वर्षी सिग्माने फुल फ्रेमसाठी २८-४५ मिमी एफ/१.८ झूम आणली. प्रकाशातला फरक येथे जवळपास मिटतो, किमतीतला मिटत नाही.

पहिल्यांदा कॅमेरा घेणाऱ्याने किट झूम कमी लेखू नये. काही महिने ती वापरून मग लाइटरूमसारख्या सॉफ्टवेअरमध्ये आपले आवडते फोटो फोकल लेंथनुसार चाळावेत. प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये ती नोंद असते. फोटो ३५ मिमीच्या आसपास गोळा झाले असतील तर त्याच फोकल लेंथची उजळ प्राइम घ्यावी. सगळे लांबच्या टोकाला अडकलेले दिसले तर गरज टेलीफोटोची आहे, आणि तिथे ५० मिमी एफ/१.८ स्वस्त आहे म्हणून घेतल्याने काही साधणार नाही. एपीएस-सी कॅमेरा असल्यास फाइलमधले आकडे फुल फ्रेमच्या आकड्यांशी ताडताना दीडपटीने, कॅननमध्ये १.६ पटीने, मोजावेत. घरातली माणसे, संध्याकाळचे रस्ते, रंगमंच असे विषय असणाऱ्याने दुसरी लेन्स प्राइमच घ्यावी. प्रवास, समारंभ आणि वन्यजीव टिपणाऱ्याने पैसे आधी चांगल्या झूमवर घालावेत.

जुन्या लेन्सचा मार्गही मिररलेसने खुला केला आहे. माउंटचे अंतर कमी असल्याने मध्ये ॲडॉप्टर बसवून फिल्मच्या काळातल्या लेन्स वापरता येतात आणि फोकसमधल्या कडा ठळक करून दाखवणाऱ्या फोकस पीकिंगमुळे हाताने फोकस करणे सोपे जाते. येथे मात्र प्राइमच निवडावी. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची साधी ५० मिमी आजही सुरेख चित्र देते, त्या काळच्या बहुतेक झूम देत नाहीत. विकत घेण्याआधी लेन्स प्रकाशासमोर धरून आरपार पाहावे. कोकण-मुंबईच्या दमट हवेत राहिलेल्या लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे बुरशीचे धागे दिसले, तर ती घेऊ नये.