ओफीर, सोपारा आणि आपली ब्रह्मपुरी

बायबलमध्ये ओफीर नावाचं एक ठिकाण येतं. शलमोन राजाची जहाजं तांबड्या समुद्रातून तिकडे जायची आणि ४२० किक्कार सोनं घेऊन आली, असा उल्लेख आहे. एक किक्कार साधारण ३० किलोच्या वर, म्हणजे १२ टनांहून जास्त सोनं! (गुजरीतल्या सराफांना विचारून बघा.) आकडा फुगवलेला असेलही, पण नाव बनावट नाही. १९४६ साली तेल अवीवमध्ये एक खापर सापडलं, त्यावर 'ओफीरचं सोनं' असं कोरलंय.

ओफीर कुठे होतं, ते मात्र बायबल सांगत नाही. अरबस्तान, सोमालिया, झिंबाब्वे... आणि आपलं नालासोपारा! बायबलच्या जुन्या ग्रीक भाषांतरात हे नाव 'सोफीर' असं येतं आणि पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार जोसेफस ओफीर भारतात होतं म्हणतो. झालं, आपली कॉलर ताठ.

पण थांबा. शलमोन इसवी सनापूर्वी दहाव्या शतकातला. सोपाऱ्यात १८८२ साली भगवानलाल इंद्रजींना अशोकाचा शिलालेख मिळाला, तो तिसऱ्या शतकातला. मधली सातेक शतकं नुसत्या उच्चारावर कशी ओलांडायची? आमच्या भाषेत हे निव्वळ स्ट्रिंग मॅचिंग झालं. शिवाय उत्पत्तीच्या पुस्तकात ओफीर हे नाव शबाच्या शेजारी येतं, म्हणजे अरबस्तानाकडेच बोट जातं. मला तरी तेच पटतं.

नावं जुळवायचीच तर कशी, हे पाहायला कोल्हापूर सोडायची गरज नाही. दुसऱ्या शतकात टॉलेमीनं 'हिप्पोकूरा' ही 'बलेओकुरोस' राजाची राजधानी म्हणून नोंदवली. इकडे पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर 'विळिवायकुर' नाव असलेली नाणी निघाली. म्हणून काही अभ्यासकांनी हिप्पोकूरा म्हणजे कोल्हापूर असं मांडलं. वाद आहेच, पण इथे उच्चाराच्या जोडीला काळ जुळतो आणि हातात नाणं आहे. १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षितांनी तिथे खणलं, तेव्हा सातवाहनकाळातली विटांची घरं निघाली. त्याच टेकडीतला पोसायडन, म्हणजे ग्रीकांचा समुद्रदेव, रोमन काळातली वीतभर कांस्यमूर्ती, टाऊन हॉल म्युझियमच्या संग्रहात आहे. समुद्र इथून घाटापलीकडे, आणि देव मात्र पंचगंगेवर!

शाळेच्या सहलीत आपण सगळे त्या म्युझियममधून तोफा बघत धावत गेलोय. पुढच्या वेळी गावी आलात की जरा सावकाश फिरा.